गटाचा हिशेब आणि फुकटचे ‘ऑफिस’

आपल्याकडे ‘ऑफिस’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती तालुक्याची कचेरी. बाहेर बाकडे, आत पंखा, टेबलावर फायलींची चळत आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर. पण गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांतही या शब्दाला दुसरा अर्थ आला आहे. कॉम्प्युटरच्या आत लिहिण्याचे, आकडेमोडीचे, तक्ते मांडण्याचे जे सामान असते, त्यालाही ऑफिसच म्हणतात. यंत्र विकत घेतले म्हणजे हे ऑफिस त्यात आपोआप आले, असा पुष्कळांचा समज असतो. पण बैल घेतला म्हणून नांगर त्याच्याबरोबर येत नाही. नांगर वेगळा, त्याचे पैसे वेगळे. आणि या नांगराचे पैसे हल्ली बहुतेक ठिकाणी एकदाच द्यायचे नसतात. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याने वर्षाच्या वर्षाला खंड भरावा, तसे ते भरत राहायचे असतात.

मी काही कॉम्प्युटरची जाणकार नाही. बारावीपर्यंत शिकले, सूर्यमाळला सासर मिळाले, आणि बायकांच्या बचत गटाची वही माझ्याकडे आली ती अक्षर बरे म्हणून. त्या वहीच्या निमित्ताने जे कळले ते इतर गटांच्या बहिणींना, दूध किंवा मोगऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या भावांना उपयोगी पडेल, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी आमच्या वहीचे मोल काय ते सांगते. सूर्यमाळ म्हणजे मोखाडा तालुक्यातला उंच डोंगरमाळ. पावसाळ्यात धुके घरात शिरते आणि चुलीचा धूर बाहेर जायला तयार नसतो. खाचरात भात, उतारावर नागली, वरई, खुरासणी. पण पोटापुरते वर्षभर पिकत नाही. म्हणून दिवाळी झाली, खळे आवरले की घरेच्या घरे कुलूप लावून निघतात. कोणी भिवंडीकडे, कोणी वसई-कल्याणकडे वीटभट्टीवर. परत येतात ती राब भाजायच्या सुमारास, नाहीतर पहिल्या पावसाच्या तोंडावर. आमच्या गटात बारा जणी. महिन्याची बचत शंभर रुपये. त्यातल्या पाच जणी निम्मे वर्ष गावात नसतात. कोणाचा दीर तिच्या वाटचे पैसे आणून देतो, कोणी भट्टीवरून फोनने पाठवते, कोणाचे दोन महिने राहून जातात. त्यावर आपसातले कर्ज, त्याचे व्याज, आजारपणात काढलेली उचल. डोक्यावरचे गाठोडे ओट्यावर ठेवण्याआधी बाईचा पहिला प्रश्न असतो, “माझं किती जमलं? माझ्यावर किती निघतंय?” जी समोर नव्हती, तिला जे लिहिले आहे त्यावरच विश्वास ठेवायचा असतो. लिहिलेले सापडले नाही, किंवा दोन ठिकाणी दोन आकडे निघाले, तर गट मोडायला एक दुपार पुरते.

आणि कागदाचे आमच्याकडे हाल फार. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यात चार महिने ओल. एका वहीला बुरशी धरली, दुसरी वाळवीने खाल्ली. तेव्हा कोणीतरी वापरून टाकलेला एक कॉम्प्युटर गटाला मिळाला, तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले. शहरातल्या एका दुकानदाराकडून तो दुरुस्त करून घेतला. त्याने ऑफिस घालून दिले, त्याचे पैसे घेतले आणि ‘आता कायमचं झालं’ असे सांगितले. मी तालुक्याला जाऊन जुजबी शिकले होते. एकेका रकान्यात नाव, बचत, कर्ज, व्याज भरायचे, खाली बेरजेचे सूत्र घालायचे, की आकडा बदलला तरी बेरीज आपली आपण बदलते. ज्या बाईने रात्री कंदिलाच्या उजेडात बेरजा तपासल्या आहेत, तिलाच यातले सुख कळेल.

पुढे गटाने नागलीच्या पिठासाठी चक्की घ्यायचे ठरवले. नुसती नागली विकली तर व्यापारी देईल तो भाव. पीठ, पापड करून विकले तर चार पैसे जास्त. कर्जासाठी बँकेने तीन वर्षांचा जमाखर्च चालू महिन्यापर्यंत लिहून आणि छापून मागितला. दिवस दिले दहा. मी यंत्र सुरू केले तर वरच्या बाजूला एक पट्टी आली. मुदत संपली आहे, पैसे भरा. फायली उघडत होत्या, आकडे दिसत होते, पण त्यात एक टिंब घालता येईना. नवीन पान काढता येईना. दुकानदाराने कायमचे म्हणून दिलेले ऑफिस प्रत्यक्षात वर्षभराच्या मुदतीचे होते. फोन केला तर म्हणाला, “दरवर्षी भरायलाच लागतात, ताई.” त्याने सांगितलेल्या रकमेत गटाची चार-पाच महिन्यांची बचत गेली असती. मग आवाज खाली करून म्हणाला, “नाहीतर तीनशे द्या, दुसऱ्या वाटेनं घालून देतो.”

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर बैठक बसली. दोघी-तिघींचे म्हणणे पडले की तीनशे देऊन मोकळे व्हावे, सगळे जग तेच करते. गटातली सगळ्यांत वडील बाई, जिला आम्ही सगळ्या आजी म्हणतो, तिला मी प्रकरण समजावून सांगितले. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “हिशेब आपला, यंत्र आपलं, नि आत बघायला भाडं दुसऱ्याला? आणि ते नको तर चोरीचं घ्यायचं? तिसरं काही नसतंच का गं?”

तिसरे असते. ते माझा नाशिकचा भाचा खिशात घालून घेऊन आला. करंगळीएवढा पेन ड्राइव्ह. “आत्या, तू फक्त बघत राहा,” म्हणाला. त्याने त्यातून ‘लिबरऑफिस’ नावाचे ऑफिस यंत्रात घातले. आमच्याकडे त्या दिवशी रेंज नव्हती. तिची गरजही पडली नाही. ना नाव-गाव विचारले, ना पैशाची पट्टी आली. आणि आमच्या त्याच जुन्या फायली त्याने या नव्या ऑफिसात उघडल्या. बेरजेची सूत्रेसुद्धा जागच्या जागी होती. मी चालू महिन्याचे आकडे त्याच रात्री भरले.

दुसऱ्या दिवशी गटात ही बातमी सांगितली तर आनंदापेक्षा संशयच जास्त. तोही बरोबरच होता. आपण शेतकरी माणसे ‘फुकट’ या शब्दाला भ्यायलेली असतो. फुकटचे बी घ्यावे तर मागून खताचे बिल येते. “कोण देतंय फुकट? पुढं काय मागणार?” असे एकीने विचारले. भाच्याने जेवताना जी हकिगत सांगितली, आणि पुढे मी जी वाचून पक्की केली, ती इथे देते. कारण ती कळल्यावाचून या वस्तूवर भरवसा ठेवणे कठीण आहे.

जर्मनीत ल्यूनेबुर्ग नावाचे गाव आहे. तिथे १९८५ साली मार्को बोरिस नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने ‘स्टार डिव्हिजन’ नावाची कंपनी काढली आणि लिहिण्याचे एक सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्याचेच पुढे ‘स्टारऑफिस’ झाले. १९९९ साली अमेरिकेतल्या ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ या मोठ्या कंपनीने ती कंपनीच विकत घेतली. सांगतात ते असे, की आपल्या हजारो नोकरांसाठी दुसऱ्याचे ऑफिस विकत घेण्यापेक्षा ऑफिस बनवणारी कंपनीच घेणे त्यांना स्वस्त पडत होते. रोज दूध विकत घेण्यापेक्षा म्हैसच दावणीला बांधलेली बरी, असा तो हिशेब. सन कंपनीने २००० साली त्या ऑफिसची मूळ रचना सगळ्या जगासाठी खुली केली. कोणीही वाचा, सुधारा, वाटा. त्याचे नाव झाले ‘ओपनऑफिस’. जगभरचे लोक त्यावर काम करू लागले. आपल्या केंद्र सरकारनेही २००५ सालापासून भारतीय भाषांतल्या मोफत सॉफ्टवेअरच्या ज्या सीडी वाटल्या, त्यांत भारतीय भाषांतले ओपनऑफिस होते.

मग २०१० साली मालक बदलला. सन कंपनी ‘ओरॅकल’ने घेतली. नव्या मालकाच्या हातात आपले काम कसे राहील याची काम करणाऱ्यांना धास्ती वाटली. त्यांनी काय केले, तर सगळी रचना बरोबर घेतली आणि २८ सप्टेंबर २०१० रोजी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ या आपल्या संस्थेची घोषणा करून वेगळी चूल मांडली. तेच हे लिबरऑफिस. लिबर म्हणजे मोकळा. जानेवारी २०११ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि तेव्हापासून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. ती संस्था जर्मनीतल्या बर्लिन शहरात आहे आणि लोकांच्या देणग्यांवर चालते. जुने ओपनऑफिस पुढे २०११ मध्ये ‘अपाची’ या संस्थेकडे गेले; ते नाव अजून आहे, पण त्याची वाढ खुंटल्यासारखी आहे, म्हणून आज नव्याने घेणाऱ्याने लिबरऑफिसच घ्यावे असे माझे मत.

काम करणारे लोक आपला रस्ता कसा धरू शकले? मालक बदलल्यावर गुरेढोरे, भांडीकुंडी नव्या मालकाची होतात. इथे तसे झाले नाही, याचे कारण त्या रचनेचा परवानाच असा लिहिलेला होता की ती कोणालाही घेऊन जाता येईल. आजीला मी हे बियाण्यावरून सांगितले. नागली-वरईचे बी आपण घरचे धरतो. चांगली कणसे वेगळी काढतो, राख लावून ठेवतो, शेजारणीला शेरभर देतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. संकरित भाताचे बी मात्र दरवर्षी दुकानातून आणायचे. पेरलेले परत धरून उपयोग नाही. संकरित भात वाईट असे मी म्हणत नाही, उतारा जास्त देतो. विकतचे ऑफिसही वाईट नाही, कामाला चोख आहे. पण ज्या साली पैसे नसतील त्या साली शेत पडीक राहते. आजी म्हणाली, “मग हे घरच्या बियासारखं म्हण की.” तिथे संशय फिटला. सगळ्यांचा नाही, पण बहुमत झाले.

आणि करते कोण, तर आपल्याकडे आवणीला सावड असते, देशावर इर्जिक घालतात, तसेच पुष्कळसे आहे. कोणी एक दोष काढतो, कोणी आपल्या भाषेतल्या पाट्या लावतो. सगळेच काही पुण्य म्हणून करत नाहीत; काही कंपन्या पगारी माणसे त्या कामाला लावतात, कारण त्यांचा स्वतःचा धंदा त्यावर चालतो. सावडीतसुद्धा उद्या आपल्या शेतात माणसे यावीत म्हणूनच आपण जातो. यात भाबडेपणा काही नाही.

आता अडचणी. त्या लपवून ठेवल्या तर कोणी बहीण उद्या मलाच शिव्या देईल.

पहिली आणि मोठी अडचण मराठी अक्षरांची निघाली, आणि ती लिबरऑफिसची नव्हतीच. आमच्या गटाची पहिल्या दोन वर्षांची इतिवृत्ते टायपिंगच्या एका दुकानातून करून घेतलेली होती. आकड्यांच्या फायली नीट उघडल्या, पण इतिवृत्त उघडले तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी. कारण असे की पूर्वी मराठी टाइप करण्याच्या पद्धतीत कॉम्प्युटरला मराठी कळतच नसे. आतमध्ये इंग्रजी अक्षर असे आणि त्याला वरून मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला असे. तो मुखवटा, म्हणजे तो विशिष्ट फाँट, ज्या यंत्रात असेल तिथेच मराठी दिसायची. नसेल तिथे सोंग उतरायचे. आता युनिकोड नावाची पद्धत आली आहे. तिच्यात जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. क हा क म्हणूनच साठवला जातो, मग यंत्र कोणतेही असो, फोन असो. आपण मोबाइलवर जे मराठी निरोप पाठवतो ते युनिकोडमध्येच. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याची साधने आहेत, पण त्यात जोडाक्षरे बिघडतात. मी तर दोन रात्री बसून सगळ्या जणींची नावे आणि ठराव पुन्हा लिहिले. तुमच्या गटाची, सोसायटीची, वनहक्काच्या दाव्याची कागदपत्रे टायपिंगच्या दुकानातून करून घेत असाल तर आजच सांगून ठेवा: युनिकोडमध्ये करून द्या, आणि छापील कागदाबरोबर फाईलही द्या. विकतचे ऑफिस असो वा फुकटचे, ही गोष्ट दोन्हींच्या आधी येते.

टाइप कसे करायचे, तर कळफलकाची ‘इनस्क्रिप्ट’ नावाची सरकारमान्य मांडणी आहे. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. मला महिन्याभरात हात बसला. ज्यांना ते नको त्यांनी फोनवर मराठीत बोलावे. फोन लिहून घेतो आणि तो मजकूर नंतर उचलून कॉम्प्युटरवर आणता येतो. मात्र आमच्या पाड्यांची नावे तो काय लिहील याचा नेम नाही. लिबरऑफिसमध्ये पहिल्या दिवशी एक गोष्ट करून घ्यावी: ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या जागी जाऊन मराठी निवडावी. तिथेच सगळ्या पाट्याही मराठी करता येतात. मी हौसेने केल्या होत्या. पण भाचा फोनवरून “इन्सर्ट दाब” म्हणायचा आणि मी मराठी पाट्यांत इन्सर्ट शोधत बसायची. शेवटी पाट्या इंग्रजीच ठेवल्या आणि मजकूर मराठी.

दुसरी अडचण देवघेवीची. सरकारी कचेऱ्या, बँका यांच्याकडून ज्या फायली येतात त्या बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या वर्ड-एक्सेलच्या असतात. लिबरऑफिस त्या उघडते, आणि आपण लिहिलेलेही त्या रूपात जतन करून देते. पण क्वचित चौकटी सरकतात, एका पानाची दोन पाने होतात. काही सरकारी तक्त्यांत आत यंत्रणा भरलेली असते, बटण दाबले की आपोआप काही होते. ती लिबरऑफिसात चालेलच असे नाही. अशा वेळी तो एक तक्ता सेवा केंद्रात बसून भरावा, हट्ट धरू नये. आणि ज्यात पुढच्याने काही बदलायचे नाही असा कागद, म्हणजे जमाखर्च, ठराव, अर्ज, तो सरळ पीडीएफ करून द्यावा. लिबरऑफिसमध्ये त्याचे बटण वरच असते. पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटोच म्हणा. कोठेही उघडला तरी चौकट हलत नाही. बँकेला आमचा जमाखर्च असाच गेला. कोणत्या ऑफिसात केला हे कोणी विचारलेसुद्धा नाही.

स्वतःजवळ ठेवायची प्रत मात्र लिबरऑफिसच्या मूळ रूपात ठेवावी. त्या रूपाला ओडीएफ म्हणतात. त्याची बांधणी कशी आहे हे जगजाहीर लिहून ठेवलेले आहे, आणि २००६ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे उद्या लिबरऑफिसही बंद पडले तरी दुसरा कोणी ते पान उघडणारे सॉफ्टवेअर बनवू शकेल. वनहक्काचा दावा दहा-दहा वर्षे चालतो हे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिले आहे. इतकी वर्षे टिकायचा कागद कोणाच्या मर्जीवर ठेवणे बरे नव्हे.

तिसरी अडचण शिकण्याची. महाराष्ट्रात २००१ च्या सुमारास एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला आणि गावोगावची मुले-मुली कॉम्प्युटर शिकली, हे मोठेच काम झाले. पण त्यातून लोकांच्या मनात कॉम्प्युटर म्हणजे वर्ड आणि एक्सेल असे घट्ट बसले. पुष्कळ नोकऱ्यांच्या जाहिरातीही तेच मागतात. म्हणून मुलींना मी सांगते, परीक्षा असेल ती द्या, ते शिका. एक येणाऱ्याला दुसरे दोन दिवसांत येते. रकाने तेच, सूत्रे बहुतेक तीच. ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी मुंबईत पवईच्या आयआयटीने मोठी सोय करून ठेवली आहे. तिथले प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम केंद्र सरकारच्या पैशाने चालवला. त्यात लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत. एकेक धडा दहा मिनिटांच्या आसपास. थांबवून थांबवून, हाताने करत शिकायचा. फी नाही. धडे उतरवून पेन ड्राइव्हमध्ये ठेवता येतात, म्हणजे लाईट असेल आणि रेंज नसेल तरी चालते. काही धडे जुन्या आवृत्तीवरचे आहेत, त्यामुळे बटणे थोडी इकडेतिकडे दिसतील. त्याने बिचकू नये. आमच्याकडच्या दोघी यावर हिशेब लिहायला शिकल्या. वही एकाच बाईच्या हातात असू नये, हे मला आधीपासून वाटत होते.

फुकट ऑफिसे आणखीही आहेत. गुगलचे आहे, त्यात एकच तक्ता दोघी दोन गावांतून भरू शकतात, ही त्याची खुबी. झोहो नावाची आपल्या देशातली कंपनी आहे. तिचे संस्थापक श्रीधर वेंबू शहर सोडून तामिळनाडूत तेनकाशीजवळ खेड्यात जाऊन राहिले आणि तिथून काम चालवू लागले, याचे मला फार अप्रूप वाटते. त्यांचेही ऑफिस घरगुती वापराला फुकट मिळते. पण या दोन्हींत आपला हिशेब त्यांच्या यंत्रांत असतो. आपले धान्य दुसऱ्याच्या कणगीत ठेवल्यासारखे. ते आज फुकट ठेवतात, उद्याचे त्यांच्या हातात. आणि मुख्य म्हणजे इंटरनेट लागते. आषाढात सूर्यमाळवर ज्याने फोन हातात धरून रेंजसाठी टेकाड चढले आहे, त्याला याहून जास्त सांगायला नको.

फुकटच्या ऑफिसचा वापर केवळ गरिबांनीच करायचा, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. केरळात सरकारी शाळांतून गेली कित्येक वर्षे असेच खुले सॉफ्टवेअर शिकवतात. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ साली सुमारे ३०,००० सरकारी कॉम्प्युटरांवर लिबरऑफिस आणायचे ठरवले, आणि ते राज्य काही दरिद्री नाही. आपल्या केंद्र सरकारनेही २०१५ साली खुले सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण जाहीर केले. धोरण आणि टेबल यांच्यातले अंतर आपल्याला ठाऊक आहेच.

ज्यांच्याकडे जुने यंत्र आहे त्यांना आणखी एक सांगायला हवे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली. यंत्र चालते, पण नव्या रोगांवरची लस त्याला पहिल्यासारखी आपोआप मिळत नाही. पुष्कळ जुनी यंत्रे त्यापुढची विंडोज घेत नाहीत. ती भंगारात घालण्याआधी लिनक्स घालून पाहावे. त्यातही पैसे लागत नाहीत. सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेले ‘बॉस’ नावाचे लिनक्स आहे, त्यात भारतीय भाषांची सोय आहे. आमच्या यंत्राचे ते अजून केलेले नाही. आवणी उरकली की भाचा येतो म्हणाला आहे.

एक सावधगिरी. लिबरऑफिस उतरवायचे ते लिबरऑफिस डॉट ऑर्ग या त्यांच्या स्वतःच्या ठिकाणावरूनच. तीनशे-चारशे एमबीचा ऐवज आहे. जिथे नेट चांगले तिथे एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि लागेल तितक्या यंत्रांत घालावा. त्याला परवानगी आहे, चोरी नाही. कोणी त्यासाठी पैसे मागितले, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी विचारला, तर उठून यावे. घालून देणाऱ्याने आपल्या वेळेची मजुरी मागितली तर ती मात्र द्यावी. नांगर फुकटचा असला तरी औत धरणाऱ्याचा रोज द्यावाच लागतो. आणि आठवड्यातून एकदा सगळ्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ती दुसऱ्या घरात ठेवावी. आमची आजीच्या तांदळाच्या डब्यात असते.

चक्कीचे कर्ज मंजूर झाले, चक्की फाल्गुनात आली. वैशाखात भट्टीवरून पाच जणी परतल्या तेव्हा प्रत्येकीच्या हातात तिच्या नावाचा एकेक कागद दिला: इतके जमले, इतके घेतले, इतके व्याज. एकीच्या मुलाने, तो आश्रमशाळेत सातवीला आहे, बोट ठेवून आईला वाचून दाखवला. तिच्या एका महिन्याचे शंभर रुपये जमेला धरलेले नव्हते. दिराने उशिरा दिले होते, ते त्यानेच कबूल केले. मी तिथल्या तिथे आकडा घातला, बेरीज बदलली आणि कागद पुन्हा छापून दिला. भांडण झाले नाही.

भाच्याने आणलेला तो पेन ड्राइव्ह आता खोडाळ्याच्या एका गटाकडे गेला आहे, तिथून मोखाड्याला कोणी मागितला आहे. परत केव्हा येईल सांगता येत नाही, म्हणून मी दुसरा भरून घेतला.